राजीखुशीने

किसननगर, ठाणे
५ जानेवारी २०२५

ती. मामांस,

मेघनाचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुमचं कानाचं यंत्र अजून कपाटाच्या खणातच पडून आहे असं तुमच्या राजरत्नने सांगितलं. तेव्हाच ठरवलं की फोनवर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. शिवाय ही सवय तुम्हीच मला दहावीपासून लावली आहे: भांडायचं असेल तर कागदावर भांड, कच्ची प्रत जवळ ठेव आणि मुद्दा सोडू नको. तर हे भांडण आहे, आणि कच्ची प्रत ठेवली आहे.

आधी खुशाली. आईचा गुडघा बरा आहे. अंगणवाडीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी भाजी आणायला निघाली की गल्लीतली पोरं तिला बाई, बाई करून अडवतात आणि पंधरा मिनिटांच्या कामाला तास लागतो. माझं एलएलएमचं शेवटचं वर्ष, फेब्रुवारीअखेर शोधनिबंध द्यायचा आहे. विषय असा, की कायद्याने मिळालेला हक्क म्हणजे नेमकी काय चीज असते. तुम्ही हसाल. आयुष्यभर हक्क हक्क करत घसा फोडलेल्या माणसाला हा प्रश्न पडायचं कारण नाही. मलाही पडला नव्हता, गेल्या रविवारपर्यंत.

रविवारी राजरत्न आला आणि वकिलाने टाइप केलेला कागद आईपुढे ठेवून गेला. हक्कसोडपत्र. आबांनी मोहन्यात बांधलेलं दोन खोल्यांचं घर, आबा आणि हौसाआजी गेल्यावर उताऱ्यावर आलेली दोन नावं, मंजुळा आणि चांगदेव. त्यातलं पहिलं आता जाणार. कागदात लिहिलंय की आई हे सगळं राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, भावावरील प्रेमापोटी सोडत आहे. मामा, आईने तोवर तो कागद वाचलासुद्धा नव्हता. तिची खुशी वकिलाला आधीच कशी कळली?

माझ्या निबंधात दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, हक्क म्हणजे समोरच्याच्या कर्तव्याची दोरी माझ्या हातात असणं. ओढायची की सोडायची ते मी ठरवणार. दुसरा म्हणतो, दोरी कोणाच्या हातात आहे ते सोडा, कोणाच्या भल्यासाठी समोरच्याला बांधलंय ते बघा. तान्ह्या मुलाला काही ओढता येत नाही, तरी त्याचा हक्क असतोच. मी सध्या दुसऱ्या पक्षाची आहे. तुम्ही कुठल्या पक्षाचे ते कळवा, आणि तो कागद मागे घ्या.

मामींना जयभीम. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

तुमची भाची,
मेघना


मोहने
११ जानेवारी २०२५

चि. मेघना हिस,

मामाचे मंगल आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला, म्हणून दोन दिवस थांबून उत्तर लिहीत आहे. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. लाल पेनाने दाखवून पत्रच परत पाठवणार होतो, पण मामी म्हणाली पोरीला एवढे छळू नका.

तुझ्या मामाने बत्तीस वर्षे वागळे इस्टेटमध्ये प्रेस मशीनच्या धडधडीत काढली आणि कान तिथेच ठेवून घरी आला. युनियनचा प्रतिनिधी म्हणून मॅनेजरच्या टेबलावर मूठ आपटली. ती काय सख्ख्या बहिणीचे घर गिळण्यासाठी? तू एवढे लिहिलेस, याचे वाईट वाटले.

आता मुद्दा. मी तुझ्या पहिल्या पक्षाचा. जो हक्क सोडताच येत नाही तो हक्क नव्हे, ते मानेवरचे जू. आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच सांगितले की तुमचे भले कशात आहे. त्यातून सुटलो ते स्वतः ठरवण्यासाठी. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सातवी शिकलेली, तीस वर्षे सरकारी नोंदवह्या लिहिलेली बाई आहे. मामीने तिला फोन लावला, मी शेजारी बसलो होतो. ताईने स्वच्छ सांगितले की तिला आता त्या घराचे काही करायचे नाही, तारीख तेवढी कळवा. यात दबाव कुठे दिसला?

राजरत्नचे लग्न मे महिन्यात. वर एक मजला चढवल्याशिवाय नव्या सुनेला ठेवायचे कुठे? बँकेचे कर्ज लागेल आणि वकील म्हणतात की एकच नाव असले की कटकट कमी. बहिणीने भावाच्या नावे करून द्यायचे आणि भावाने तिचे माहेर शाबूत ठेवायचे, ही रीत तू किंवा मी काढलेली नाही. चाळीत, गावात, सगळीकडे हीच आहे. आमच्या ओळीतल्या पाचही घरांत बहिणींनी सह्या दिल्या, कोणाच्या मुलीने मामाला निबंध पाठवला नाही.

कल्याणच्या नोंदणी कार्यालयात ६ फेब्रुवारी, गुरुवारची वेळ घेतली आहे. ताईला आधारकार्ड घेऊन यायला सांग. मूळ कार्ड लागते, झेरॉक्स चालत नाही.

अभ्यास कर. जेवत जा. मामावर लोभ ठेव, राग ठेवलास तरी चालेल.

तुझा,
चांगदेवमामा


किसननगर, ठाणे
१७ जानेवारी २०२५

ती. मामांस,

सप्रेम जयभीम. वि. वि. पत्र पोचलं. चुका तीन नव्हत्या, दोन होत्या. कच्ची प्रत तपासली.

मामा, दौलतकाका आठवतात ना? मी पाचवीत असताना तुम्ही ती गोष्ट सांगितली होती आणि मी ती अजून विसरलेले नाही. प्रेस मशीनच्या तोंडावरची जाळी दौलतकाकांनी काढून ठेवली होती, कारण जाळी असली की काम हळू होतं. तुम्ही हटकलंत तेव्हा ते म्हणाले की हात माझे, बोटं माझी, हवं तर कागदावर लिहून देतो. तुम्ही मशीन बंद केलंत आणि जाळी परत बसेपर्यंत मॅनेजरच्या दाराशी ठाण मांडलंत. दौलतकाका महिनाभर तुमच्याशी बोलले नाहीत. तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं की हात त्याचे असले तरी ती जाळी सोडून देण्याचा अधिकार त्याला नाही. मग तेव्हा कुठे गेला होता तुमचा पहिला पक्ष? दौलतकाकांना एक न्याय आणि सख्ख्या बहिणीला दुसरा?

आणि आईच्या त्या स्वच्छ होकाराबद्दल. तुम्ही दोघं ओळखता तिला. ताटातलं संपलं का विचारलं तर रिकामं ताट असूनही हो म्हणणारी बाई ती. लहानपणापासून तिच्या कानात एकच ओतलंय, भावाशी वाकडं नको. अशा माणसाला फोनवर विचारून आलेला होकार तुम्ही पुरावा म्हणून दाखवता? युनियनमध्ये मॅनेजरने असा पुरावा आणला असता तर तुम्ही त्याला दारातून परत पाठवलं असतंत.

रीतीचं म्हणाल तर एकच सांगते. या रीतीत आईने द्यायचं ते सरकारी कचेरीत अंगठ्यासकट नोंदलं जातं. तुम्ही द्यायचं ते कुठेच नोंदलं जात नाही. माहेर शाबूत राहिलं नाही तर तिने कुठल्या खिडकीवर अर्ज करायचा?

कर्जाचीही चौकशी करून आले. दोन्ही मालकांच्या सह्या असल्या तर बँकेची काही अडचण नसते, एक माणूस जास्त येतो इतकंच. तुमच्या वकिलाला कटकट कमी हवी आहे म्हणून माझ्या आईचं नाव जाणार?

तिला विचारायला मी गेले की ती पोळ्या लाटायला लागते. चिडून चिडून माझा जीव गेला आहे. निबंधाचं एक पान पुढे सरकत नाही.

राजरत्नला सांगा, मी त्याच्यावर चिडलेली नाही. लोभात खंड नको.

मेघना


मोहने
२६ जानेवारी २०२५

चि. मेघना हिस,

मंगल आशीर्वाद. आज सकाळी विहारात झेंडावंदन झाले. उद्देशिकेचे वाचन दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे होते. न्याय या शब्दापाशी तुझे पत्र आठवले आणि जीभ अडखळली. लोकांना वाटले म्हातारा थकला.

दौलतचे उदाहरण काढलेस. चांगला वकील होशील. पण अर्धीच गोष्ट सांगितलीस. दौलतच्या घरी पाच तोंडे होती. काम जास्त निघाले नाही तर चूल पेटत नव्हती. त्याचा तो होकार पोटाने दिलेला होता, दौलतने नव्हे. म्हणून आम्ही तो मानला नाही. तुझ्या आईला अशी कुठली भूक आहे? पेन्शन नसली तरी तू कमावती होशील, डोक्यावर छप्पर आहे, भाऊ आहे. तिच्या होकाराला बोट लावायला तुझ्याकडे कारण काय?

आणि जरा आरशात बघ. बाईने स्वतःचे स्वतः ठरवावे म्हणून मोर्चात पाट्या धरणारी तू. आईने ठरवले तर म्हणतेस की हे तिचे ठरवणे नाहीच. म्हणजे तुला पटेल ते आईचे मत आणि न पटेल ते रीतीचे ओझे. हा कुठला पक्ष, मेघना? मला तर हा मॅनेजरचा पक्ष वाटतो. तोही म्हणायचा, कामगारांना त्यांचे भले कळत नाही.

ताईच्या मनात त्या घराबद्दल काही नाही, याचा पुरावा देतो. डिसेंबरात आम्ही सगळे पाहुण्यांकडे गेलो होतो. ताई न कळवता आली. गल्लीत दोन चोऱ्या झाल्या म्हणून आम्ही दिवाळीनंतर कुलूप बदलले होते, तेव्हा तिची किल्ली लागली नाही. तासभर पायरीवर बसून राहिली. आम्ही आलो तर हसतमुख. राजरत्नच्या साखरपुड्यासाठी तिळाची चटणी आणली होती, ती मामीच्या हातात दिली, चहा घेतला आणि परत गेली. एका शब्दाने तक्रार नाही. घर आपले वाटत असते तर माणूस भांडला असता, निदान नवी किल्ली तरी मागितली असती. तिने मागितली नाही.

सहा तारीख पक्की आहे. दोन साक्षीदारांनी सुट्टी काढली आहे. आता नवा निबंध पाठवू नको.

लोभ आहे म्हणूनच एवढे लिहिले.

चांगदेवमामा


किसननगर, ठाणे
१ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

सप्रेम जयभीम. वि. वि. नवा निबंध नाही. तुम्हाला सांगून काही होत नाही आणि आईला विचारून काही होत नाही. एकाला ऐकू येत नाही, दुसरी ऐकून न ऐकल्यासारखं करते. सहा तारखेला जे व्हायचं ते होईल. मी येणार नाही, कॉलेज आहे.

कुलुपाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. आईनेही नाही.

मेघना


मोहने
७ फेब्रुवारी २०२५

चि. मेघना हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

काल कल्याणला काय झाले ते तुला कळले असेलच. आमचा नंबर पुकारला आणि ताईच्या पिशवीत आधारकार्ड नाही. तिने बाकावर पिशवी उलटी केली. चष्म्याचे घर, गुडघ्याचे मलम, रुमाल, आमच्या घराची जुनी किल्ली, सगळे निघाले, कार्ड तेवढे नाही. कार्डाला जोडलेला फोन नंबर दाजींचा, तो त्यांच्याबरोबरच बंद झाला, म्हणून दुसरी प्रतही काढता येईना. कारकून म्हणाला नवी वेळ घ्या. साक्षीदार तोंडे करून निघून गेले.

त्याचे मला काही नाही. पण ताई त्या गर्दीत रडली. मला जवळ ओढून, माझ्या बऱ्या कानाशी तोंड आणून तिने विचारले की आपल्या आईसारखे तिचे होत चालले आहे का. तुला आठवत असेल, हौसाआजी शेवटी शेवटी स्वतःचे नाव विसरायची आणि ताईच तिला दोन वर्षे भरवत होती. ताई म्हणाली, कार्ड तिने स्वतःच्या हाताने डब्यात ठेवले होते, तिला पक्के आठवते, पण डब्यात नाही. मग आठवते ते खरे की नाही?

मी मशीनवरचा माणूस आहे. वस्तू आपणहून चालत जात नाही, एवढे मला कळते. तुझे एक तारखेचे पत्र फारच शांत होते. तू अशी शांत कधी नसतेस.

खरे काय ते लिही.

मामा


किसननगर, ठाणे
९ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

जयभीम. हो, मीच.

दोन तारखेला डब्यातून काढलं आणि माझ्या हक्कांवरच्या जाड पुस्तकात ठेवलं, जिथे तुमची पत्रं आणि माझ्या कच्च्या प्रती असतात. वाटलं, गुरुवार टळला की परत ठेवीन, आईला कळणारही नाही. तिच्या भल्यासाठी केलं, असं मी स्वतःला चार दिवस सांगत होते.

परवापासून आईने घर उपसून काढलंय. तांदळाच्या डब्यात हात घालून बघितलं, गाद्यांच्या खोळी उलट्या केल्या. काल दुपारी मी आत शिरले तर ती ओट्याशी उभी राहून काहीतरी पुटपुटत होती. नीट ऐकलं, तर अंगणवाडीतल्या पहिल्या वर्षीच्या पोरांची नावं. हजेरीच्या क्रमाने. एक नाव अडलं आणि ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. डोकं शाबूत आहे का ते तपासत होती, मामा. मी दारातून मागे फिरले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

तुम्ही मॅनेजरचा पक्ष म्हणालात तेव्हा मला फार झोंबलं होतं. आता मी तेच केलंय. पण म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही. मी चुकले म्हणून त्या कागदावरचं राजीखुशीने खरं होत नाही. एवढं मला लिहू द्या.

तिला सांगायचं धाडस होत नाही. कार्ड आज उद्या कुठेतरी ठेवून देते, तिला सापडेल असं. तुम्ही कृपा करून काही सांगू नका. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहू, हेही कळत नाही.

लोभ मागण्याच्या लायकीची नाही, तरी मागते.

मेघना


किसननगर, ठाणे
१४ फेब्रुवारी २०२५

चि. चांगदेव आणि चि. मेघना,

दोघांना जयभीम आणि मंगल आशीर्वाद. पत्र एकच आहे, झेरॉक्स काढून दोघांना पाठवते. मेघना, तू याच घरात राहतेस तरी तुलाही पोस्टाने पाठवते आहे, कारण या घरातलं महत्त्वाचं बोलणं पोस्टाने होतं असं मला नुकतंच कळलं. तिसरी प्रत मी ठेवली आहे. ती सवय फक्त तुम्हा दोघांनाच नाही.

सोमवारी मी मेघनाच्या खोलीत कार्ड शोधत होते. सगळीकडे शोधून झालं होतं, पुस्तकं तेवढी राहिली होती. सगळ्यात जाड पुस्तक उघडलं तर कार्ड, आणि त्याच्या खाली चांगदेवची पत्रं आणि मेघनाच्या कच्च्या प्रती, तारीखवार. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे मला कळतं. पण प्रत्येक ओळीत माझं नाव होतं. मी खाली बसले आणि सगळी वाचली.

मेघना, आधी तुझं. पाच दिवस मला वाटत होतं की माझी माझ्या आईसारखी गत झाली. तिला मी भरवलंय, तिचं काय झालं ते मी बघितलंय. मी मेले असते तरी मला एवढी भीती वाटली नसती. तुला शिक्षा काय करू? तू सव्वीस वर्षांची आहेस. आजपासून रोज सकाळचा चहा तू करायचास आणि तो पिताना जे काय असेल ते तोंडाने सांगायचंस. मी पोळ्या लाटायला लागले तर लाटणं काढून घ्यायचं.

आता दोघांचं. तुमचे पक्ष मला कळले, वाटतात तितके अवघड नाहीत. अंगणवाडीत तीन वर्षांच्या पोराला खिचडी मागता येत नव्हती, तरी ती त्याचीच होती. ती मी दुसऱ्या कोणाला दिली असती तर ती चोरी झाली असती. तिथे मेघनाचा पक्ष बरोबर. पण मी तीन वर्षांची नाही. चांगदेव, तू म्हणतोस ताईची मर्जी. मर्जी आहे हे तू मामीच्या फोनवरून ठरवलंस. मेघना म्हणते आईचं भलं. ते तिने पुस्तकावरून ठरवलं. पाच आठवडे तुम्ही माझ्यावरून भांडलात. माझ्यासमोर बसून, हातातलं काम बाजूला ठेवायला लावून, मंजुळा तुला काय हवंय, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. मला याचा फार राग आला आहे. एवढा राग मला कशाचाच आला नव्हता, त्या पायरीचाही नाही.

पायरीचं सांगते, कारण चांगदेवने ती पुरावा म्हणून काढली आहे. माझ्या पिशवीतली किल्ली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. आबा गेले तेव्हा आईने दिली होती. त्या दिवशी ती लावली, फिरवली, नीट लागत नाही म्हणून काढून पदराने पुसली आणि पुन्हा लावली. कुलूप नवं आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही, मला वाटलं मीच विसरले कसं उघडायचं ते. मग पायरीवर बसले. समोरच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलंय. ती बाई चांगली आहे, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि तिने विचारलं की तुम्ही कोणाकडे आलात. ज्या पायरीवर मी चांगदेवला कडेवर घेऊन बसायचे, तिथे मला विचारलं कोणाकडे. मी नुसतं हसले.

तुम्ही आलात तेव्हाही हसतच होते. चांगदेव, हसणाऱ्या माणसाची तक्रार नसते हे तुला मॅनेजरने शिकवलं का?

दोन आठवड्यांनी राजरत्न कागद घेऊन आला. तेव्हाच मी मनात ठरवलं की टाकावी सही करून. घर गेलंच आहे, नाव ठेवून काय करू? म्हणून फोनवर तारीख विचारली. माझ्यावर दबाव नव्हता हे खरं आहे. भावावरचं प्रेमही नव्हतं. रुसवा होता. तो वकिलाने राजीखुशीने असा टाइप केला.

आता रुसवा गेला आहे, तुमची पत्रं वाचून डोकं ताळ्यावर आलं. मी हक्कसोडपत्रावर सही करणार नाही. राजरत्नचा मजला चढला पाहिजे, लग्न थाटात झालं पाहिजे. बँकेत जिथे दोन सह्या लागतील तिथे दुसरी माझी. गुडघा दुखला तरी येईन.

दोघांवर माझा लोभ आहे, तो तुमच्या वागण्यावर अवलंबून नाही.

मंजुळा


मोहने
१९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

चांगदेवचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुझे पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवले. यंत्र कानात घालून ऐकले, म्हणजे ऐकायचे टाळता येऊ नये. मध्येच मामी थांबली आणि पदराने डोळे पुसू लागली, तेव्हा पुढचे मी स्वतः वाचले.

बत्तीस वर्षांत मशीनने माझे काय काय नेले ते मी लोकांना सांगत फिरलो. ताई पायरीवर बसली हे मी दुसऱ्याला लिहिलेल्या पत्रात पुरावा म्हणून लिहिले, याची लाज वाटते. कुलूप बदलले तेव्हा तीन किल्ल्या मिळाल्या. एक माझी, एक मामीची, एक राजरत्नची. चौथीचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही. वाईट हेतू असता तर निदान कबूल तरी करता आला असता.

काल आंबिवली स्टेशनजवळच्या किल्लीवाल्याकडून चौथी करून घेतली. घरी आणून दोनदा लावून पाहिली, लागते. या पाकिटात लाल दोऱ्याला बांधून पाठवत आहे. जुनी फेकू नको, ती आईची आहे.

आता रागावणार नसशील तर एक विचारतो. वकील पुन्हा पुन्हा तेच सांगतो आहे, एक नाव असले की पुढे पोरांना त्रास नाही. तुझे दुःख किल्लीचे होते. ती आता तुझ्या हातात आहे, कधीही ये, कधीही उघड, कोणी काही विचारणार नाही. मग कागदावरच्या नावाचे एवढे काय राहिले? सांगायची सक्ती नाही. पण मी या वेळी विचारले आहे, एवढी नोंद घे.

धाकट्यावर लोभ असू दे.

तुझा भाऊ,
चांगदेव


किसननगर, ठाणे
२४ फेब्रुवारी २०२५

चि. चांगदेव यास,

जयभीम आणि आशीर्वाद. किल्ली पोचली. मेघनाने तीन वेळा चहा बिघडवला, चौथ्यांदा जमला. तिचा निबंध उद्या द्यायचा आहे. काल तिने मला शेवटचं पान वाचून दाखवलं. दोन्ही पक्षांना थोडं थोडं चुकीचं ठरवलंय तिने. माझं नाव कुठे घातलं नाही हे विचारून घेतलं.

शनिवारी दुपारी मी मोहन्याला आलेले, न कळवता. तुम्ही सगळे कल्याणला खरेदीला गेला होता. किल्ली पहिल्याच फेऱ्यात लागली. आत जाऊन आबांच्या खोलीत बसले, पाणी प्यायले, पेला धुऊन पालथा ठेवला आणि कुलूप लावून निघाले. समोरची ती बाई दारातच होती. तिने पुन्हा विचारलं कोणाकडे आलात. मी म्हटलं, घरी आले होते.

तू विचारलंस म्हणून मला बरं वाटलं, आणि विचारलंस म्हणूनच सांगते. किल्ली तू मला दिलीस. म्हणजे ती द्यायची की नाही हे तुझ्या हातात होतं. आज दिलीस, तुझा स्वभाव चांगला आहे. उद्या गल्लीत पुन्हा चोरी होईल, राजरत्न कुलूप बदलेल, आणि तेव्हाही कोणाच्या मनात वाईट नसेल. कुलूप मला न विचारता बदलता येतं. ते कागदावरचं नाव तेवढं मला विचारल्याशिवाय काढता येत नाही. पुढेमागे मी ते सोडेनसुद्धा, कदाचित राजरत्नच्या मुलीच्या नावे. पण ते मला विचारावं लागेल, समोर बसून. एवढ्यासाठीच मला ते हवंय.

मामीला सांग, चटणीची बरणी रिकामी दिसली, पुढच्या वेळी भरून आणते. सगळ्यांवर लोभ आहे, तुमचाही राहू दे.

तुझी ताई,
मंजुळा

ता. क. बँकेची तारीख कळव. आधारकार्ड माझ्याजवळ आहे.